अंगानं हजर, मनानं रजेवर

मी एकतीस वर्षं भूल दिली. लोकांना वाटतं, भूलतज्ज्ञाचं काम म्हणजे रोग्याला झोपवणं. झोपवायला दोन मिनिटं पुरतात. उरलेले तीन-चार तास त्याच्या उशाशी जागं राहायचं असतं, आणि पगार त्या जागरणाचा मिळतो. त्यामुळे ‘हजर राहणं’ या विषयावर पत्रं आली की मला जरा चेवच येतो. या वेळी सहा पत्रं एकाच वाटेनं आली म्हणून एकत्र घेतली आहेत. नावं गाळली आहेत, मजकूर थोडा आवरता घेतला आहे.

प्रश्न : अकरा जणांच्या टीमचा मी प्रमुख आहे. मी कधी आवाज चढवत नाही. प्रत्येक मीटिंगच्या शेवटी “कुणाला काही म्हणायचंय का?” असं आवर्जून विचारतो. कुणी तोंड उघडत नाही. बाहेर जिन्यात मात्र सगळ्यांना कंठ फुटतो. गेल्या महिन्यात एक काम पार फसलं आणि मग कळलं, ते फसणार हे तिघांना आधीच ठाऊक होतं. सहभागी नेतृत्वाची दोन प्रशिक्षणं मी केली आहेत. माझं चुकतंय कुठे?

तुम्ही आवाज चढवत नाही हे चांगलंच आहे. मीही कधी चढवला नाही, आणि त्याबद्दल कित्येक वर्षं स्वतःची पाठ थोपटून घेत होते. ती थोपटणं कधी बंद झालं ते सांगते.

मणक्याची शस्त्रक्रिया होती. अशा वेळी भूल दिल्यावर रोग्याला पालथं करावं लागतं. पाच जणांनी मिळून त्याला वळवलं, उशा-गाद्या सारख्या केल्या, आणि मी तक्ता भरायला घेतला. थिएटरमध्ये नवीनच आलेली एक सिस्टर माझ्या खांद्यामागून म्हणाली, “मॅडम, ही बाजू कमी हलतेय का?” मी मान वर न करता म्हटलं, “हं, बघते.” आणि बघितलं नाही. औषधांच्या वेळा लिहीत होते. दीडेक मिनिटानं मॉनिटरचा सूर उतरला. रक्तातला ऑक्सिजन घटला की त्या यंत्राची टिकटिक खालच्या सुरात जाते. आमचे कान ते झोपेतही ओळखतात. ९९ वरून ९१. वळवताना श्वासाची नळी जराशी आत सरकून उजव्या फुप्फुसाच्या फांदीत गेली होती, डाव्या फुप्फुसाला हवाच मिळत नव्हती. नळी दोन सेंटिमीटर मागे घेतली, सूर परत चढला. रोग्याला काही झालं नाही. त्याला हे कधी कळलंही नसेल.

केस संपल्यावर मी तिला विचारलं, “पुन्हा का नाही गं सांगितलंस?” ती म्हणाली, “तुम्ही बघते म्हणालात ना.” मग जरा थांबून, खाली बघत, “आणि तुम्ही लिहीत होतात.”

पहिल्या वाक्यावर मी वाद घातला असता. दुसऱ्यावर काय बोलणार? माझ्या तोंडानं तिला होकार दिला होता आणि माझ्या पाठीनं गप्प बसवलं होतं. तिनं पाठीचं ऐकलं. सगळेच पाठीचं ऐकतात.

आता तुमचा प्रश्न घ्या. “कुणाला काही म्हणायचंय का?” हे तुम्ही शेवटी विचारता. म्हणजे लॅपटॉप अर्धा मिटलेला, एक नजर घड्याळावर, खुर्ची मागे सरकलेली. (मी तिथे नव्हते, पण पैज लावायला तयार आहे.) अशा वेळी ते निरोपाचं वाक्य होतं. समोरच्यांना शब्द ऐकू येतात, पण ते बघत असतात ते वेगळंच : या माणसाकडे आत्ता माझ्या वाईट बातमीला जागा आहे का?

विमानवाल्यांनी या गोष्टीची किंमत फार मोठी मोजली. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. धावायला निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की दुसरं विमान अजून धावपट्टीवरच असावं. त्यानं ती विचारलीसुद्धा. कॅप्टन ठामपणे म्हणाला, बाजूला झालंय, आणि विषय तिथेच संपला. कॅप्टन कुणी उर्मट नवखा नव्हता. कंपनीतला अतिशय ज्येष्ठ, दुसऱ्या वैमानिकांना शिकवणारा माणूस होता तो. अपघाताची कारणं पुष्कळ होती : धुकं, जागेची अडचण, एकाच वेळी बोलल्यानं न कळलेले रेडिओ-संदेश, उशिराची धास्ती. पण विचारलेला प्रश्न आणि त्याचं झटकन आलेलं उत्तर, यांच्यामधली जी फट भरून गेली, तिच्यावर पुढे एक अख्खं शिक्षण उभं राहिलं. १९७९ मध्ये नासानं त्यासाठी कार्यशाळा घेतली. कनिष्ठानं बोलायचं कसं हे त्यात शिकवतात, आणि वरिष्ठानं ऐकायचं कसं हेही. ते पुढे आमच्या थिएटरांपर्यंत आलं. मला मात्र ते त्या सिस्टरनंच शिकवलं.

करायचं काय? एक तर प्रश्न मधोमध आणा, शेवटी नको. आणि तो बदला. “काही म्हणायचंय का?” याला “नाही” हे तयार उत्तर आहे. “यातलं काय बिघडेल असं तुम्हाला वाटतं?” याला नाही म्हणता येत नाही. मग थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या सुमारास वर्गांतलं बोलणं टेप करून मोजलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबत आणि मग स्वतःच बोलू लागत. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद! घड्याळ लावून बघा, काय जीवघेणे लांब असतात. त्या वेळात पोटात जे कालवतं, ‘यांना मी मूर्ख वाटतोय का, मीच उत्तर देऊन टाकू का’, ते कुणावर न ओतता सोसायचं. ‘अंतरंगाची क्षमता’ असं प्रशिक्षणांत ज्याला म्हणतात ते मला एवढंच दिसतं. आपल्या आत किती मावतं, आणि किती वेळ.

एक सावधगिरी. हे नीट जमू लागलं की तुमच्याकडे तक्रारी वाढतील. घाबरू नका. एमी एडमंडसन या संशोधिकेनं १९९६ मध्ये रुग्णालयांतल्या गटांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी सापडतील अशी तिची अपेक्षा होती, सापडल्या जास्त. तिचा उलगडा असा की त्या गटांत चुका जास्त घडत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. तेव्हा पहिले दोन-तीन महिने तुमचे आकडे वाईट दिसले तर वरच्यांना ही गोष्ट सांगून ठेवा.

आणि ते तिघं, ज्यांना आधीच ठाऊक होतं? त्यांना “का नाही सांगितलंत?” असं विचारू नका. तो खटला होतो. “मी तेव्हा काय करत होतो?” असं विचारा.

प्रश्न : सगळे सांगतात, रोज ध्यान कर. मी दहा मिनिटं बसते. दहा मिनिटांत मन पन्नास ठिकाणी जाऊन येतं. उठताना आणखीच चिडलेली असते. माझ्यात ती क्षमताच नाही का? (मी तेवीस वर्षांची आहे, मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.)

बरं, अगं-तुगं करते. पन्नास ठिकाणी गेलं हे तुला कसं कळलं? म्हणजे पन्नास वेळा तू परत आलीस. मग तुझा व्यायाम झाला की! जिममध्ये वजन उचललं की ते खाली येतं. म्हणून कुणी ‘मला जमत नाही’ म्हणून घरी जात नाही.

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं १८९० मध्ये लिहून ठेवलंय की भरकटलेलं लक्ष आपणहून पुन्हा पुन्हा परत आणता येणं हे विवेक, चारित्र्य आणि इच्छाशक्ती यांचं मूळ आहे. आणि लगेच कबुलीही दिली की हे बोलणं सोपं, ते शिकवायचं कसं हे सांगणं अवघड. मला तो माणूस त्या कबुलीमुळे आवडतो. भटकण्याचं म्हणशील तर २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २,२५० प्रौढांना दिवसात अधूनमधून फोनवर गाठून विचारलं होतं : आत्ता काय करताय, आणि मन कुठे आहे? ४६.९ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं. म्हणजे तू कुणी वेगळी नाहीस, निम्मं जग रजेवर असतं.

दहा मिनिटं सोड. चार मिनिटं बस. श्वास आत येताना काही करू नकोस, बाहेर सोडताना तेवढा लांबव, फुंकर घातल्यासारखा. याला शरीराचं कारण आहे आणि ते मी मॉनिटरवर रोज पाहिलंय : श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. तरुण माणसात तर हा फरक डोळ्यांना सरळ दिसतो. उच्छ्वास लांबवला की मंदावण्याचा वेळ वाढतो. गूढ काही नाही त्यात.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. डोळे मिटून बसल्यावर चिडचिड न होता भीती दाटत असेल, जुनं काही अंगावर येत असेल, तर बसू नकोस. डोळे उघडे ठेवून चाल, पावलं मोज, आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेट. ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी मानवतं असं नाही, हे सांगणारे कमी भेटतात.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी म्हणते, “बाबा, तुम्ही ऐकतच नाही.” मी मोबाइल लांब ठेवतो, समोर बसतो, पूर्ण ऐकतो आणि उपायही सांगतो. आणखी काय करायचं?

उपाय सांगणं थांबवा.

खरं तर उत्तर इथेच संपलं, पण तुम्ही चिडाल म्हणून थोडं पुढे लिहिते. उपाय ही पळवाट असते. मुलीचं दुःख आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण ते लवकर मिटवायला जातो. तिला कळतं की हे माझ्यासाठी चाललेलं नाही. माझा मुलगा लहान असताना एकदा मित्राशी झालेलं भांडण रडत रडत सांगत होता. मी अगदी त्याच्याकडे टक लावून ऐकत होते. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, “आई, तू माझे श्वास मोजतेयस.” खरंच मोजत होते. मिनिटाला अठ्ठावीस. सवय, दुसरं काय!

दोन गोष्टी करून बघा. तिनं सुरुवात केली की विचारा, “नुसतं ऐकू, की काही सुचवू?” बहुतेक वेळा ती ‘नुसतं ऐका’ म्हणेल. मग शब्द पाळा, मान हलवत आतल्या आत उपाय जुळवत बसू नका. दुसरी गोष्ट घरात शिरण्याआधीची. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याकडेच राहतो. पुढे तिनं असंही दाखवलं की काम सोडताना ‘परत आल्यावर कुठून सुरू करायचं’ एवढं लिहून ठेवलं तर हा मागे राहणारा भाग कमी होतो. तेव्हा ऑफिसातून निघण्याआधी कागदावर एक ओळ लिहा. मग घराच्या दाराची कडी हातात धरून एक श्वास. कडी गार लागते की कोमट, एवढं बघा आणि आत जा.

मोबाइल लांब ठेवता ते मात्र फार बरं करता.

प्रश्न : आम्ही सात जण मिळून एक काम चालवतो. प्रमुख कुणीच नाही, सगळे समान, हे आमचं तत्त्व. पण प्रत्येक निर्णयाला दोन-दोन तास लागतात, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचंच होतं. आता एकाला प्रमुख नेमावं असा विचार आहे. की आमच्यातच काही कमी आहे?

प्रमुख नाही असं तुम्ही म्हणता, पण आहे. मोठ्या आवाजाचा माणूस तुमचा प्रमुख आहे. फक्त त्याला नेमलेलं नाही, त्यामुळे काढताही येत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९७२ साली ऑर्फियस नावाचा एक वाद्यवृंद सुरू झाला, तो संचालकाविना वाजवतो. समोर काठी घेऊन कुणी उभं नसतं. पण म्हणून तिथे नेतृत्व नाही असं नाही. प्रत्येक रचनेसाठी पहिल्या व्हायोलिनची जागा वेगळा वादक घेतो, आणि त्या रचनेपुरता तो धुरा सांभाळतो. पुढच्या रचनेत तोच मागे बसून दुसऱ्याच्या गजाकडे बघत असतो. नेतृत्व फिरतं, आणि आत्ता ते कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही हे उद्याच करू शकता : प्रत्येक विषयाला एक धनी, त्या विषयापुरता. पुढच्याला दुसरा. मोठ्या आवाजाच्या माणसालाही पाळी द्या, आणि पाळी संपल्यावर मागे बसायला लावा. त्याची आणि तुमचीही खरी परीक्षा मागे बसण्यात आहे.

आता ‘आमच्यात काही कमी आहे का’ याबद्दल. मेरी पार्कर फॉलेट नावाची एक विलक्षण बाई १८६८ ते १९३३ या काळात होऊन गेली. दुसऱ्या‘वर’ चालवायची सत्ता आणि दुसऱ्या‘सोबत’ मिळून उभी करायची सत्ता, हा भेद तिनं शंभर वर्षांपूर्वी मांडला. तिनं स्वतःचा एक अनुभव सांगितलाय. ती हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका लहान खोलीत बसली होती. खोलीतल्या दुसऱ्या माणसाला खिडकी उघडी हवी होती, हिला बंद. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. वाचताना वाटतं, एवढंच? पण नीट बघा. खिडकी अर्धी उघडून दोघांनी अर्धं अर्धं सोसलं नाही. त्याला ती विशिष्ट खिडकी नको होती, मोकळी हवा हवी होती. हिला बंद खोली नको होती, अंगावर थेट उत्तरेचा वारा नको होता. हे कळायला दोघांनाही ‘माझं म्हणणं’ हातातून क्षणभर खाली ठेवून ‘मला त्यातून हवंय काय’ हे बघावं लागलं.

तुमच्या दोन तासांत हे खाली ठेवणं होतं का? मला शंका आहे. सात जण बसतात ते सात तयार उत्तरं मुठीत आवळून. मग मोठी मूठ जिंकते. पुढच्या बैठकीत एक करून बघा : विषय सुरू होण्याआधी प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं, मला या निर्णयातून काय मिळायला हवं आणि मला भीती कशाची आहे. उपाय कुणी बोलायचा नाही. मोठ्या आवाजाच्या माणसानं सगळ्यांत शेवटी.

यावर कुणी हसेल. आमच्याकडेही हसले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी आणली. चिरा देण्याआधी थांबून खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, हे त्यात होतं. वीस वर्षं एकत्र काम केलेल्या सर्जननी मला विचारलं, “आता मी तुम्हाला माझं नाव सांगू?” मी म्हटलं, मला नका सांगू, त्या कोपऱ्यातल्या मुलाला सांगा. सांगितलं त्यांनी, तोंड वाकडं करून. मग त्या मुलानं स्वतःचं नाव सांगितलं. तो तिथे सात महिने होता आणि आम्हा दोघांनाही ते नाव माहीत नव्हतं. त्याच शस्त्रक्रियेत तासाभरानं त्यानं हळूच सांगितलं की सक्शनची बाटली भरत आलीय. लहानशी गोष्ट. पण सात महिन्यांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

त्या यादीचे आकडेही सांगते, दोन्ही बाजूंचे. २००९ मध्ये आठ देशांतल्या आठ रुग्णालयांचा निष्कर्ष आला : शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. मोठा गाजावाजा झाला. मग २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास आला. यादी सक्तीची केल्यावर तिथे म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. असं का, यावर वाद झाले. माझं मत थिएटरमधल्या माणसाचं आहे, संशोधकाचं नाही : मी खुणा आधीच करून ठेवलेल्या याद्या पाहिल्या आहेत. कागद भरलेला असतो, खोलीत थांबलेलं कुणीच नसतं. तुमची ‘सगळे समान’ ही ओळसुद्धा अशीच भरून ठेवलेली असू शकते, तेवढं तपासा.

प्रमुख नेमायचा की नाही ते तुम्ही ठरवा. नेमलात तरी हे सगळं करावं लागेलच.

प्रश्न : तुमचा स्तंभ नेहमी वाचतो, पण एक सांगतो, राग मानू नका. हे अंतरंग, श्वास, उपस्थिती वगैरे मला थोतांड वाटतं. आमच्याकडे चौघांचं काम दोघांवर आलंय, आणि कंपनीनं मनःशांतीची कार्यशाळा ठेवली. अन्याय गिळायला शिकवण्याचा हा सभ्य प्रकार नाही का?

राग कशाला मानू? तुमच्या बाबतीत तो प्रकार तसाच आहे. चौघांचं काम दोघांवर असेल तर दोन माणसं हवीत, श्वास नको. दमलेल्या माणसाला ‘वर्तमानात राहा’ म्हणणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. त्याचा वर्तमान हीच तर तक्रार आहे.

पण स्वतःचं एक सांगते. एका नोकरीत आम्हाला चोवीस तासांच्या ड्युट्या सलग लागत. मी प्रशासकांच्या खोलीत तरातरा गेले आणि जे साठलं होतं ते सगळं बोलले. हात थरथरत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मी बाहेर आले तेव्हा विषय ‘डॉक्टरबाईंचा स्वभाव’ हा झाला होता. ड्युट्या तशाच. पुढे दोन महिने मी रागाला नीट नाव द्यायचा प्रयत्न केला. भावनेला शब्द दिला की मेंदूतली धोक्याची घंटा जरा मंदावते, असं २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं गेलंय. मी ते तेव्हा वाचलं नव्हतं, झोप येत नव्हती म्हणून वहीत लिहीत होते. लिहिता लिहिता कळलं, तो नुसता राग नव्हता. विसाव्या तासाला माझ्या हातून कुणी मरेल, ही भीती होती. दुसऱ्यांदा गेले ते ड्युटीचं रजिस्टर घेऊन, आणि तेवढं एकच वाक्य घेऊन. वाक्य बोलले आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला जमलं, कारण दोन महिने त्या भीतीपाशी बसून झालं होतं. त्या दिवसानंतर ड्युट्या बारा तासांच्या झाल्या, लगेच नाही, पण झाल्या.

तेव्हा कार्यशाळेला जा किंवा जाऊ नका. रजिस्टर मात्र तयार ठेवा. आणि दोघं असाल तर दोघं मिळून जा, एकट्यानं गेलं की ‘स्वभाव’ होतो.

प्रश्न : तुम्ही स्वतः रोज काय करता?

नोकरीत असताना हात धुणं हाच माझा नेम होता. केस सुरू होण्याआधी नळाखाली हात धरायचे आणि पुढच्या रोग्याचं नाव मनात म्हणायचं, आजाराचं नाही. बस, एवढंच. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा टेबलावरच्या माणसाला मी ‘पित्ताशय’ म्हणाले, आणि तो अजून जागा होता. तेव्हापासून.

आता निवृत्त झाल्यावर नळ आहे, रोगी नाही, त्यामुळे नेम ढासळलाय. परवा मैत्रिणीचा फोन आला. तिच्या बहिणीच्या आजारपणाचं सांगत होती. फोन खांद्यावर धरून मी ‘हं, हं’ करत होते. ती मध्येच म्हणाली, “कुठे आहेस तू?”

“चादरींच्या घड्या घालतेय,” मी म्हणाले.

“मग घाल. मी थांबते.”

तीन राहिल्या होत्या. त्या तशाच पलंगावर टाकल्या आणि म्हटलं, सुरुवातीपासून सांग. तिनं सुरुवातीपासून सांगितलं.